विश्लेषण : गाडीची चाके चमकतात, पण गॅरेजमधली धूळ आणि अ‍ॅसिड कोणाच्या अंगावर?

अलॉय व्हील धुण्याची आणि पॉलिश करण्याची यंत्रे आता लहान गॅरेजच्या आवाक्यात आली आहेत. मात्र यंत्रासोबत धूळ ओढणारे आणि हात-डोळे वाचवणारे साहित्य येतेच असे नाही. हा धोका नेमका काय आहे आणि तो कमी खर्चात कसा टाळता येईल?

दसरा जवळ आला की गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. ऑइल बदलणे, ब्रेक तपासणे, वॉशिंग या नेहमीच्या कामांत आता अलॉय व्हीलच्या, म्हणजे अनेकांच्या बोलण्यातल्या ‘मॅग व्हील’च्या, पॉलिशची भर पडली आहे. काळवंडलेले चाक तासा-दोन तासांत आरशासारखे होते. पण चाकावरून निघालेले काळे थर, त्यासाठी वापरलेले अ‍ॅसिड आणि बफखालून उडालेली अ‍ॅल्युमिनियमची भुकटी नाहीशी होत नाही. ती आधी काम करणाऱ्या मुलाच्या हातांवर आणि छातीत जाते, मग गटारात.

चाकावरची काळी भुकटी कशाची असते?

ती नुसती रस्त्यावरची माती नसते. ब्रेक दाबला की पॅड आणि बिडाची डिस्क एकमेकांवर घासतात. दोन्हींचे बारीक कण सुटतात आणि गरम असतानाच चाकाला चिकटतात. त्यात लोह असते, पॅडच्या प्रकारानुसार तांबे व इतर धातूही असतात. यातले बरेच कण १० मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे श्वासातून आत जाऊ शकतील असे असतात.

युरोपीय संघाच्या ‘युरो ७’ नियमांनी ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली आहे. पेट्रोल, डिझेल व हायब्रिड मोटारींसाठी ती किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, तर बॅटरीवरच्या मोटारींसाठी ३ मिलिग्रॅम आहे. नव्या मॉडेलच्या मोटारींना हे नियम लागू होण्याची तारीख २९ नोव्हेंबर २०२६ आहे. भारतातल्या बीएस-६ मानकांत मात्र धुराड्यातून निघणाऱ्या धुरावर मर्यादा आहे, ब्रेकच्या भुकटीवर नाही.

रस्त्यावर ही भुकटी वाऱ्यात विखुरते. गॅरेजमध्ये चाक उघडून कॉम्प्रेसरची हवा मारली की ती एकदम तोंडावर येते. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही आणि जुन्या पॅडमध्ये काय आहे हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून ब्रेकवर हवा मारण्याची सवय अधिक घातक ठरते. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांनी ब्रेक दुरुस्तीसाठी बंदिस्त व्हॅक्यूम किंवा पाण्याने भिजवून साफ करण्याची पद्धत घालून दिली आहे.

लहान गॅरेजमध्ये कोणती साधने असतात?

सुरुवात प्रेशर वॉशर, ब्रश आणि व्हील क्लीनरपासून होते. पॉलिशसाठी बेंच ग्राइंडरला सुती बफ लावतात किंवा हातातल्या अँगल ग्राइंडरवर बफ चढवतात. आधी वॉटर पेपर, मग कंपाउंडचा बार आणि शेवटी मऊ बफ असा क्रम असतो. जुना रंग काढायला सँडब्लास्टिंग, नवा द्यायला पावडर कोटिंगची भट्टी आणि ‘डायमंड कट’ फिनिशसाठी सीएनसी लेथ लागते. शेवटची तिन्ही कामे बहुधा मोठ्या दुकानाकडे पाठवली जातात.

वेगाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेणाऱ्या बेंच ग्राइंडरवरच्या ८ इंची बफची कड ताशी सुमारे १०७ किलोमीटर वेगाने फिरते. मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या ४ इंची अँगल ग्राइंडरवर हाच वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. कमी वेगासाठी बनवलेला बफ त्यावर लावला तर तो फाटून उडू शकतो. सैल हातमोजा किंवा बाही बफमध्ये अडकली तर हात आत ओढला जातो.

सर्वांत फसवा धोका कोणता?

अ‍ॅसिडचा. ब्रेकचा चिवट थर झटपट काढणाऱ्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. इतर आम्ल अंगावर सांडले की लगेच चटका बसतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असेल तर वेदना कित्येक तासांनी सुरू होतात. तोवर फ्लोराइड कातडीखाली उतरून शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. मोठ्या प्रमाणात शरीरात गेल्यास हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात वाहने धुणारे ४८ कामगार अशा उत्पादनांनी भाजल्याची नोंद झाली. त्यातील सात जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तर दोघांवर शस्त्रक्रिया करावी लागली.

क्लीनर सुटा, लेबल नसलेल्या कॅनमधून घेतला असेल, तर त्यात काय आहे हे वापरणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. हात भाजल्यावर डॉक्टरलाही ते सांगता येत नाही. उपचाराची दिशा मात्र त्यावरच ठरते, कारण या आम्लासाठी भरपूर पाण्याने धुतल्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावावे लागते.

अ‍ॅल्युमिनियमची भुकटी पेटते का?

पेटते. घन अ‍ॅल्युमिनियम सहज जळत नाही, पण त्याची बारीक भुकटी हवेत तरंगत असेल आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. चीनच्या च्यांगसू प्रांतातील कुनशान येथे २ ऑगस्ट २०१४ रोजी अ‍ॅल्युमिनियमची चाके पॉलिश करणाऱ्या कारखान्यात असाच स्फोट झाला. त्यात त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत १४६ जणांचा मृत्यू झाला. धूळ गोळा करणाऱ्या गंजलेल्या डब्यात ओल शिरली आणि ओल्या भुकटीत उष्णता निर्माण होऊन ती पेटली, असे चौकशीत आढळले.

लहान गॅरेजमध्ये भुकटी कमी असते, त्यामुळे एवढा मोठा स्फोट होण्याची शक्यता नाही. आगीचा धोका मात्र राहतो. त्याच ग्राइंडरवर लोखंड घासले तर गंजाचे कण आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी एकत्र येते आणि ठिणगीने हे मिश्रण प्रचंड उष्णतेने जळते. जळत्या अ‍ॅल्युमिनियमवर पाणी टाकल्यास हायड्रोजन वायू तयार होऊन आग भडकते. अशा वेळी कोरडी वाळू उपयोगी पडते.

पॉलिशने चाक कमजोर होते का?

वरवरच्या पॉलिशने होत नाही. डायमंड कटमध्ये मात्र दर वेळी धातूचा पातळ थर कापला जातो, त्यामुळे एकाच चाकावर हे काम मोजक्याच वेळा करता येते. अलॉय व्हीलला ताकद येण्यासाठी कारखान्यात ठरावीक तापमानाची प्रक्रिया केलेली असते. पावडर कोटिंगची भट्टी साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तापमान किंवा वेळ यापेक्षा वाढल्यास ती ताकद घटते. खड्ड्यात वाकलेली रिम गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करणे किंवा तडा वेल्डिंगने बुजवणे त्याहून धोक्याचे. चमकदार पॉलिशखाली असा तडा ग्राहकाला दिसत नाही.

शिवाय मूळ लॅकर काढून चाक उघडे ठेवले तर चमक टिकत नाही. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत उघडे अ‍ॅल्युमिनियम लवकर डागाळते.

कायदा काय सांगतो?

कामगारांच्या सुरक्षिततेची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ती सर्वसाधारणपणे १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी २० कामगारांची अट आहे. धोकादायक काम म्हणून सरकारने अधिसूचना काढली तर एक कामगार असलेल्या जागेलाही ती लागू करता येते. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदाही २० पेक्षा कमी कामगार असलेल्यांकडून मुख्यतः माहिती कळवण्याचीच अपेक्षा ठेवतो. परिणामी मालक आणि तीन-चार हेल्पर असलेले गॅरेज नियमित तपासणीच्या बाहेर राहते. बफची भुकटी मात्र हजेरीपटावरची संख्या पाहून उडत नाही.

कमी खर्चात काय करता येईल?

यातली बरीच कामे सवयीची आहेत. ब्रेक व चाकावर हवा मारण्याऐवजी आधी पाण्याने भिजवणे, लेबल नसलेला क्लीनर न घेणे आणि आम्लाऐवजी सौम्य, आम्लविरहित क्लीनर वापरणे. त्याला वेळ जास्त लागतो, तो दरात धरावा. क्लीनर हाताळताना लांब रबरी हातमोजे आणि चष्मा हवा, पण फिरत्या बफजवळ सैल मोजे नकोत. चाक बफच्या मध्यरेषेच्या खालच्या बाजूला टेकवावे, म्हणजे अडकले तरी ते अंगावर न येता खाली फेकले जाते.

अ‍ॅल्युमिनियमसाठी ग्राइंडर वेगळा ठेवावा आणि भुकटी रोज मऊ ब्रशने गोळा करून कोरडी ठेवावी. तोंडाला रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत, त्यासाठी एन-९५ मास्क लागतो. सँडब्लास्टिंगला नदीची वाळू वापरू नये, तिच्यातील सिलिकाने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा बरा न होणारा आजार होतो.

ग्राहकालाही दोन प्रश्न विचारता येतील : क्लीनर कोणता आहे आणि चाक कुठे तापवले किंवा वेल्ड केले आहे का? पहिल्याच्या उत्तरावर गॅरेजमधल्या मुलाचे हात अवलंबून आहेत, दुसऱ्याच्या उत्तरावर गाडीत बसणाऱ्यांचा जीव.