टोळ दिसला की उतरायचे!

मेक्सिको सिटीतल्या ‘ला मेर्सेद’च्या बाजारात खेड्यातून एखादी बाई माल घेऊन येते. माल विकून झाल्यावर तिला लेकीकडे जायचे असते, चापुल्तेपेक उद्यानाजवळ. सोबत कुणी नाही, अक्षरओळख तर मुळीच नाही. त्यातून गाडी जमिनीखालची! खिडकीबाहेर नुसता काळोख. खुणेचे झाड नाही, देऊळ नाही, कोपऱ्यावरचे दुकान नाही. तरी बाई निर्धास्त असते. लेकीने सांगून ठेवलेले असते, ‘‘सफरचंदाच्या खोक्यापाशी गुलाबी पाटीची गाडी पकड, आणि टोळ दिसला की उतर.’’

या शहराच्या मेट्रोची हीच तर गंमत आहे. ४ सप्टेंबर १९६९ रोजी तिचा पहिला मार्ग सुरू झाला, तेव्हापासून प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर स्वतःचे एक चित्र आहे. शहरात त्या काळी लिहिता-वाचता न येणारे पुष्कळ होते. ‘‘इथे काय लिहिलंय हो?’’ असे चारचौघांत विचारायचे आणि समोरच्याची नजर झेलायची, याचे ओझे ज्याचे त्यालाच ठाऊक! आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिन्हे आली ती याच अडचणीपोटी.

पहिल्या मार्गांची चित्रे लान्स वायमन या अमेरिकन चित्रकाराने आपल्या मेक्सिकन सहकाऱ्यांबरोबर काढली. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकचे बोधचिन्हही त्याचेच. पण ही कल्पना परदेशातून आली असे मात्र म्हणता येणार नाही. याच जागी पूर्वी अ‍ॅझटेक लोकांची राजधानी होती, तेनोच्तित्लान. १५२१ मध्ये स्पॅनिश फौजांनी ती जिंकली. ते लोक गावांची नावे चित्रांनीच लिहीत. त्यांच्या नाहुआत्ल भाषेत चापुल्तेपेक म्हणजे टोळांची टेकडी. जुन्या पोथ्यांत त्या नावासाठी टेकडीवर बसलेला टोळ काढलेला सापडतो. मेट्रोच्या पाटीवर तोच टोळ आहे. कोयोआकान म्हणजे कोल्ह्यासारख्या कोयोटी या प्राण्याचे ठिकाण, म्हणून तिथे कोयोटी. पांतित्लानला दोन निशाणे. कांदेलारियाच्या वस्तीशी बदकांचे जुने नाते, म्हणून तिथे बदक.

सगळीच चित्रे अशी बोलकी नाहीत. काही पाट्यांवर थोर पुरुषांचे नुसते मुखवटे आहेत. आधी तो पुरुष ओळखीचा हवा, मग स्थानक ओळखणार! शेतकऱ्यांचा नेता झापाता याची रुंद काठाची टोपी आणि झुबकेदार मिशा मेक्सिकोत पोरेही ओळखतात, पण इतरांचे काय? तिथे बिचाऱ्या बदकाचेच बरे.

खोदकामानेही चित्रे पुरवली. १९७८ मध्ये चौथ्या मार्गाचे काम चालू असताना मॅमथ या प्राचीन हत्तीची हाडे सापडली. ती तालिस्मान स्थानकात मांडून ठेवली आहेत आणि पाटीवर मॅमथ विराजमान झाला आहे. त्याआधी, १९६७ मध्ये, पिनो सुआरेझ स्थानकासाठी खणताना एहेकात्ल या वाऱ्याच्या देवाचे गोल चबुतऱ्याचे छोटे देऊळ उघडे पडले होते. स्थानकाला नाव आहे १९१३ मध्ये मारल्या गेलेल्या उपराष्ट्राध्यक्षाचे, पण चित्र लाभले आहे देवळाचे.

आता अक्षरे न येणारे थोडेच उरले आहेत. तरी २०१२ मध्ये बारावा मार्ग सुरू झाला, तेव्हा त्याच्याही प्रत्येक स्थानकाला चित्र मिळाले. मेर्सेदहून निघालेल्या बाईला मात्र तिथवर जायचे नसते. तिच्या वाटेवर पहिलेच स्थानक लागते देवळाचे, मग जहाज, कारंजे, तोफ... आणि आठव्या पाटीवर टोळ.