विटा मोजल्या, माणसं मोजली नाहीत

मराठी कवितेतला मुंबईचा समुद्र नेहमी पश्चिमेला असतो. मरीन ड्राइव्ह, चौपाटी, वरळीचा कठडा, मावळता सूर्य, हातात हात घेतलेली पोरंपोरी आणि भेळेचा कागद. माझं त्याच्याशी भांडण नाही. सुट्टीला मीही तिथं जाऊन बसतो. पण या शहराला आणखी एक समुद्र आहे, याचा आपल्या लेखकमंडळींना अजून पत्ता नाही. ससून डॉकपासून निघा आणि भाऊचा धक्का, दारूखाना, कौला बंदर, शिवडी करत वडाळ्यापर्यंत या. इथं सूर्य समुद्रात बुडत नाही, समुद्रातून वर येतो. घारापुरीच्या बाजूनं. रात्रपाळी सुटायच्या वेळी जहाजाच्या डेकवर असलो की मला तो दिसतो.

वस्तीतून दिसत नाही. आमच्या आणि समुद्राच्या मधे भिंत आहे. भिंतीपलीकडं गोदाम, गोदामापलीकडं रूळ, रुळापलीकडं परत तारेचं कुंपण. पाण्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्या आईला, समुद्र शेवटचा कधी पाहिला, ते आठवत नाही. वास मात्र चोवीस तास फुकट. ओहोटीच्या चिखलाचा, सुकटीचा, जळक्या तेलाचा. पश्चिमेला समुद्र चौरस फुटानं विकला जातो, खिडकीतून दिसला की फ्लॅटचा भाव चढतो. पूर्वेला ज्यांनी पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यावरचा माल खांद्यावर उतरवला, त्यांना समुद्राचा वासच मिळाला.

दोस्तांनो, मी इथं समुद्राच्या देखाव्यासाठी रडायला बसलेलो नाही. मला मोजणीबद्दल बोलायचं आहे.

१४ एप्रिल आपल्यासाठी जयंती. निळं, गुलाल, रात्रभर जागरण. पण गोदीत या तारखेला दुसरा एक दिवस चिकटलेला आहे, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना तो माहीत आहे. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्यातच कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या १२४ विटा. दारूगोळ्यासोबत कापूस भरणाऱ्या शहाण्यांना काय म्हणावं? दुपारी आग लागली. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. गोदी गेली, जहाजं गेली, मांडवीपर्यंत आग गेली. सोन्याची एक वीट मैलभर लांब एका घराचं छप्पर फोडून आत पडली.

माझा पणजा तेव्हा गोदीत हमाल होता. महाडकडचा माणूस. घरात सांगतात, त्या दिवशी चाळीत संध्याकाळी बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता म्हणून तो पाळीवर गेला नाही. एक दिवसाची मजुरी बुडवली आणि वाचला. त्याच्या टोळीतले गेले. आजी म्हणायची, "बाबासाहेबांनी आपल्याला दोनदा जल्म दिला. एकदा समद्यांबरोबर, आन् एकदा आपल्याला येगळा."

आता मोजणी बघा. त्या सोन्याच्या विटांचा हिशेब विटेगणिक ठेवला गेला. गाळ काढताना पुढं कित्येक वर्षं विटा सापडत राहिल्या आणि सरकारजमा होत राहिल्या. आग विझवताना मेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांची याद म्हणून १४ एप्रिल देशभर पाळतात. पाळायलाच पाहिजे, ती माणसं आगीकडं पळत गेली होती. पण एकूण माणसं किती मेली? कुणी आठशे सांगतं, कुणी तेराशे. पाचशे माणसांचा फरक. १२४ विटांत एका विटेचा फरक चालत नाही, आणि माणसांत पाचशेचा चालतो. कारण जे हमाल त्या दिवशी धक्क्यावर होते त्यांतल्या कितीतरी जणांचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं. टोळीवाला सकाळी गेटवर उभा राहायचा, बोट दाखवायचा, तू चल, तू चल, तू नको. बोट हाच कागद.

हे बोट मोडायला वेळ लागला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आठवड्याला ४८ तासांचा कायदा आणि किमान वेतनाचं विधेयक त्या काळातलं. गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा १९४८ साली आला, पुढं डॉक लेबर बोर्ड आलं. माझ्या आज्याला बोर्डात नंबर मिळाला. आमच्या घरात तो नंबर देवासारखा सांगायचे, आणि आमच्यात देव नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. नंबर म्हणजे रजिस्टरमध्ये नाव. नाव म्हणजे काम नसलं तरी हजेरीचे पैसे, भविष्य निर्वाह निधी, बोट तुटलं तर भरपाई, मेला तर बायकोला काहीतरी. एका नंबरावर आमची सात माणसं शिकली.

१९८९ ला पलीकडं न्हावाशेवा सुरू झालं. माल कंटेनरमध्ये बंद झाला, आणि जिथं टोळी लागायची तिथं क्रेन आली. १९९४ ला मुंबईचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. पुढं स्वेच्छानिवृत्ती निघाली, बापानं घेतली. स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. ज्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ती माणसं जळाली, ती गोदी आणि शेजारची प्रिन्सेस डॉक कंटेनरला जागा पाहिजे म्हणून बुजवून टाकली. २०२१ च्या कायद्यानं पोर्ट ट्रस्टचं पोर्ट ऑथॉरिटी झालं. विश्वस्त गेले, प्राधिकरण आलं. आणि मी, नंबरवाल्याचा नातू, मॅट्रिक पास, आज ठेकेदाराकडं आहे. गेटपास पाळीपुरता. पणज्याच्या जागेवर परत येऊन उभा राहिलोय, फक्त बोटाच्या जागी मोबाइलवर मेसेज येतो. उद्या ये. उद्या नको.

मागच्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकाचा पाय स्टीलच्या कॉइलखाली आला. कॉइल म्हणजे कित्येक टनांचा गोळा. खालची लाकडी पाचर सरकली की तो कुणाचं ऐकत नाही. आम्ही चौघांनी त्याला टॅक्सीत घातला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "त्याचं नाव त्या पाळीच्या यादीत नाहीच. तो तिथं होता कशावरून?" पाय होता. रक्त होतं. आम्ही चौघं होतो. यादीत नाव नव्हतं. म्हणून तो तिथं नव्हता.

पाळी संपवून घरी यावं तर तिथंही हेच. बंदराची जमीन साडेसातशे हेक्टरच्या आसपास, आणि ती केंद्राच्या ताब्यातली. राज्याचा झोपडपट्टीचा कायदा १९७१ चा, पण या जमिनीवर राज्य म्हणतं केंद्राला विचारा, केंद्र म्हणतं तुम्ही अतिक्रमण. शिवडीच्या बीडीडी चाळींचंही तेच. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास २०१७ साली सुरू झाला, शिवडीच्या १२ चाळी मागं राहिल्या, कारण जमीन बंदराची. चाळीचं हे असेल तर झोपडीचं काय घेऊन बसलात.

पाणी घ्या. कौला बंदरसारख्या वस्त्यांत वर्षानुवर्षं लोकांनी पाणी विकत घेतलं. लांबून रबरी पाइप आणायचा, मोटर लावायची आणि ड्रमच्या भावानं विकायचं. टॉवरमधला साहेब महापालिकेच्या पाण्याला जे देतो त्याच्या कितीतरी पट जास्त वस्तीतली बाई देते. तीन बाजूंनी समुद्र आणि प्यायला विकतचं पाणी. उच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क बेकायदा होत नाही. महापालिकेनं २०२२ साली 'सर्वांसाठी पाणी' असं धोरण काढलं. कागद झाला. पण पाइप टाकायला गेलं की पहिला सवाल, जमीन कुणाची?

आपल्याला हा खेळ नवा नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करा हा बोलेंचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ चा. पाणी मात्र ठरावानं आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले तेव्हा ओंजळ भरली. कागद आणि ओंजळ यांच्यामधलं ते अंतर आमच्या वस्तीत अजून चालायचं बाकी आहे.

आता या किनाऱ्याला भाव आला आहे. २०१४ पासून समित्यांचे अहवाल येतायत, आराखडे येतायत. बागा, क्रूझ टर्मिनल, फिरायला पदपथ. वाईट काय त्यात? काहीच नाही. पण त्या चित्रांत माणसं बघा. कुत्रा घेऊन चालणारी, सायकलवर बसलेली. पाठीवर गोणी असलेला एकही नाही. जानेवारी २०२४ ला शिवडीहून न्हावाशेव्याकडं अटल सेतू सुरू झाला, २१.८ किलोमीटर. आमच्या दारातून निघतो. त्यावर पायी जाता येत नाही, मोटरसायकल चालत नाही, रिक्षा चालत नाही. खाली चिखलात फ्लेमिंगो येतात, त्यांची मोजणी होते. पाखरं मोजा, मला आनंद आहे. पण पाखरांनंतर आमचा नंबर लागणार का, एवढं सांगा.

शिव्या सरकारला देणं सोपं आहे. आपल्याकडं बघू. जयंतीला आपण वर्गणी काढतो, डीजेचा भाव ठरवतो, बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावरून दोन गट होतात. त्याच गल्लीत किती घरं, किती जणांकडं कुठल्या सालचा पुरावा, कितीजण ठेक्यावर, हे एकाही मंडळाच्या वहीत नाही. आपले पुढारी निवडणुकीला मतं मोजतात, तेवढीच मोजणी. आणि आपण कवी? मी सुद्धा शिवीला कविता समजून दोन वर्षं काढली.

माझं म्हणणं सरळ आहे. वही घ्या. प्रत्येक मंडळानं, प्रत्येक छावणीनं आपापल्या वस्तीची मोजणी स्वतः करावी. घर, माणसं, कुठल्या सालापासून, पुरावा काय, पाणी किती पैशाला, काम कुणाकडं, अपघात कधी. फक्त आपल्या माणसांची नाही. आमच्या गल्लीत तमिळ आहेत, बिहारी मुसलमान आहेत, यूपीचे आहेत. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यानं 'दलित' या शब्दात कामगार, भूमिहीन, स्त्रिया, सगळे धरले होते. तो शब्द मोर्चात वापरतो तसा वहीत पण वापरा.

मी सुरुवात केली तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, "नाव नको लिवू पोरा. नाव लिवलं की बुलडोझर येतो." ती खोटं बोलत नाही. सर्वेवाले आले, दारावर खडूनं आकडा टाकला आणि नंतर घर गेलं, असं तिच्या आयुष्यात दोनदा झालंय. मोजणी दोन्ही कामाला येते. ज्याच्या हातात वही, त्याच्या कामाला. मी तिला म्हणालो, "मावशी, ही वही तुझ्याकडंच ठेव." ती बराच वेळ गप्प बसली. मग पेटीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदं काढली आणि म्हणाली, "आधी माज्या मालकाचं लिव. त्यो बी गोदीतच व्हता."

तो १९९६ ला गेला. मेलेल्या माणसाला झोपडी मिळत नाही, मला माहीत आहे. तरी पहिल्या पानावर त्याचं नाव लिहिलंय. पुढची पानं कोरी आहेत. तुमच्या वस्तीतून कोण कोण येतंय ते कळवा.

जय भीम.