यादी लावायची, पण कोणत्या क्रमाने?

घरातील मूल पायथन शिकू लागले की थोड्याच दिवसांत ते लिस्ट, म्हणजे यादी, तयार करते आणि ती क्रमाने लावून दाखवते. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली जगापुढे आणलेली ही भाषा नवशिक्यांना सोपी जाते. यादी लावायला तर एक शब्द पुरतो. पण त्या एका शब्दामागे काय घडते, हे मुलांना समजले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

सॉर्ट आणि सॉर्टेड हे दोन शब्द सारखे दिसतात, काम वेगळे करतात. सॉर्ट मूळ यादीच बदलून टाकतो. सॉर्टेड मूळ यादीला हात न लावता नवी यादी देतो. समजा, हजेरी क्रमांकाप्रमाणे तीन मुलींचे गुण ६१, ४८, ७५ असे लिहिले आहेत. सॉर्ट केल्यावर ४८, ६१, ७५ उरतील. आता पहिल्या मुलीचे गुण कोणते? ते त्या यादीवरून सांगता येणार नाही. म्हणून नाव आणि गुण यांची जोडी करूनच यादी लावावी.

दुसरी गोष्ट आकड्यांची. इनपुटने घेतलेला आकडा पायथनच्या लेखी मजकूर असतो. मग ८, ४५, १०० यांची यादी १००, ४५, ८ अशी लागते, कारण मजकुराचे पहिले अक्षर आधी पाहिले जाते. इंट वापरून त्याची संख्या केली की क्रम बरोबर येतो.

तिसरी गोष्ट आपल्या घरांच्या जवळची आहे. युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि पायथन तोच पाहतो. त्यात अरबी अक्षरे आधी आली, तर पे, टे, चे, गाफ ही अक्षरे त्यांच्यानंतर. त्यामुळे उर्दूत लिहिलेल्या परवीन, गुलनाज, वहीदा या नावांत पायथन वहीदाला पहिली आणतो. कायद्यात 'बे'नंतर लगेच 'पे' शिकलेल्या परवीनला आपले नाव मागे का गेले, हे कळणार नाही. मराठीतही तसेच. आपल्या मुळाक्षरांत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मध्ये आहे. म्हणून पायथन 'कवच'च्या आधी 'कळस' ठेवतो.

यावर उपाय पायथनमध्येच आहे. त्याला की म्हणतात. अलिफपासून येपर्यंतची अक्षरे आपल्या क्रमाने एका ओळीत लिहायची. नावातले प्रत्येक अक्षर त्या ओळीत कितवे आहे, त्या आकड्यांची यादी देणारे छोटे फंक्शन करायचे आणि ते सॉर्टेडला की म्हणून द्यायचे. परवीन आपल्या जागी येते.

संगणकाने लावलेला क्रम म्हणजे खरा क्रम, असे मुले पटकन मानतात. तो क्रम कोणीतरी ठरवलेल्या नियमाचा असतो आणि नियम बदलता येतो. तेव्हा मुलाने यादी लावून दाखवली की शाबासकी जरूर द्या, आणि सोबत विचारा, "बेटा, कोणत्या नियमाने लावलीस?"