नवोदयच्या यादीवर दाद कशी मागावी?

या सदरात एरवी बियाणे, खतमात्रा आणि कीड-रोग यांचा विचार होतो. परंतु कोरडवाहू भागातल्या एका शेतकरी बंधूंचे पत्र आले आहे आणि ते बाजूला ठेवण्यासारखे नाही. त्यांची मुलगी पाचवीत असताना नवोदय विद्यालयाच्या परीक्षेला बसली. ग्रामीण जागेवर निवड झाली, घरी पेढे वाटले. कागद तपासताना मात्र प्रवेश थांबला. कारण काय, तर आई-वडील ऊसतोडीला गेले त्या वर्षी ती तिसरीत काही महिने मामाच्या गावी शिकली, आणि ते गाव नगरपंचायतीत मोडते. "अपील कुठे करू, की नशीब म्हणून गप्प बसू?" असे ते विचारतात.

गप्प बसू नये. पण दाद कशावर लागते आणि कशावर लागत नाही, हे आधी समजून घ्यावे. नाहीतर ऐन पेरणीचे दिवस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात जातात.

नवोदय विद्यालये १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने देशभर पसरली. अगदी पहिल्या दोघांपैकी एक आपल्या अमरावतीचे. सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुले घेतात आणि त्यातल्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, म्हणजे ६०. राहणे, जेवण, पुस्तके सारे सरकारी. शिवाय ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते, दुसऱ्यांदा बसू देत नाहीत. म्हणून हातची जागा गेली की घराला चटका बसतो.

आता गुणांविषयी. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. उत्तरपत्रिका यंत्रावर तपासली जाते आणि फेरतपासणीची किंवा फेरबेरजेची सोय नियमात नाही. शिष्यवृत्ती परीक्षेला गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, तसा येथे चालत नाही. "माझा मुलगा वर्गात पहिला, मग यादीत कसा नाही?" एवढ्यावर केलेला अर्ज फाईलला लागून राहतो. तरीही खात्री करायची असेल तर माहितीच्या अधिकाराखाली उत्तरपत्रिकेची नक्कल मागावी. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. परीक्षार्थीला आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एका परीक्षा मंडळाच्या प्रकरणात म्हटले आहे. नक्कल हाती आली म्हणजे जागा मिळाली, असे मात्र समजू नये.

कागदांचे तसे नाही. तेथे चूक दाखवता येते, आणि आमच्या मते खेड्यातल्या पालकाने सारा जोर येथेच लावावा. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण शाळेत काढलेली लागतात. या तीन इयत्तांत एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असले तरी मूल शहरी धरले जाते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना हा नियम फार जाचक आहे, हे आम्ही स्पष्टच लिहितो. परंतु तो नियम आहे.

म्हणून या बंधूंनी पहिल्यांदा मामाच्या गावच्या शाळेत जावे आणि दोन गोष्टी पाहाव्यात. मुलीचे नाव त्या शाळेच्या जनरल रजिस्टरात खरोखर दाखल झाले होते का? पुष्कळदा मूल नुसते वर्गात बसते आणि नाव गावच्याच शाळेत राहते. दुसरे, ती शाळा नगरपंचायतीच्या हद्दीत आहे का? महाराष्ट्रात २०१४ नंतर तालुक्याची कितीतरी गावे नगरपंचायती झाली, पण वाडी-वस्तीवरची शाळा हद्दीबाहेर असू शकते. तसे असेल तर नगरपंचायतीकडून हद्दीबाबत लेखी दाखला घ्यावा आणि दोन्ही मुख्याध्यापकांचे दाखले सोबत जोडावेत.

शाळा हद्दीत आणि नावही रजिस्टरात असेल, तर ग्रामीण हक्क टिकणे कठीण. मग एवढेच करावे: राहिलेल्या खुल्या जागांवर मुलीच्या गुणांचा विचार व्हावा, अशी लेखी विनंती करावी. त्या जागा थोड्या आणि चुरस मोठी. रजिस्टरात खाडाखोड करून देतो म्हणणारे गावात एखाददुसरे असतातच, त्यांना दारातूनच परत पाठवावे. खोटा दाखला उघडकीस आला तर भरती झालेले मूलही परत येते आणि मास्तरांवर चौकशी बसते. पैसे घेऊन जागा देतो म्हणणाऱ्यालाही हेच उत्तर.

अर्ज विद्यालयाच्या प्राचार्यांच्या नावे लिहावा. जिल्हाधिकारी हे विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असतात, एक प्रत त्यांना द्यावी. दुसरी नवोदय विद्यालय समितीच्या पुणे प्रादेशिक कार्यालयाला. एका पानात मजकूर बसवावा: मुलीचे नाव, बैठक क्रमांक, प्रवेश कोणत्या कारणाने थांबला, त्यावर आपला पुरावा कोणता. नाकारल्याचे कारणही लेखी मागावे, कारण तोंडी उत्तरावर पुढे कोठे जाता येत नाही. हातोहात दिल्यास पोच घ्यावी. हे सारे आठवड्याच्या आत व्हावे, कारण थांबलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जाते आणि एकदा भरली की ती परत सोडवणे अवघड.

पुरावा पक्का असूनही दाद लागली नाही, तर उच्च न्यायालयाची वाट उरते. वकिलाच्या खर्चाला भिऊ नये. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया आणि बालकांना मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे विचारावे.

ज्यांची मुले यंदा अर्ज भरणार आहेत त्यांनी भरतानाच ग्रामीण की शहरी, जात प्रवर्ग आणि परीक्षेचे माध्यम हे रकाने स्वतः वाचून पाहावेत. सेतू केंद्रातला पोरगा घाईत काहीही टिचकी मारतो. मुदत संपल्यावर असे रकाने दुरुस्त करायला थोडे दिवस मिळतात, ते चुकवू नयेत. इतर मागासवर्गाचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही.

आणि या मुलीचे नाव अर्जाचा निकाल येण्याची वाट न पाहता जवळच्या शाळेत सहावीला घालावे. नवोदयमध्ये नववीला रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते. आठवीत जिल्ह्यातल्याच मान्य शाळेत शिकत असेल तर ती वयाच्या अटीत राहून त्या परीक्षेला बसू शकते. तोवर गणिताची वही रोज उघडली जाईल एवढे घरातल्यांनी पाहावे.