मोटारीचा रंग आणि हाताचा धीर



घरची जुनी मोटार आपल्याच हाताने रंगवावी, अशी हौस पुष्कळांना असते; आणि गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकला की त्या हौसेचे रूपांतर निश्चयात होते. काही वर्षांपूर्वी मीही या मोहास बळी पडलो. बेळगावातील भर पावसाळ्याचे दिवस होते आणि गाडी होती जुनी अँबॅसडर. बॉनेटवर झटपट वाळणाऱ्या एनसी रंगाचे दोन हात दिले. पाहता पाहता त्या काळ्याभोर रंगावर दुधाळ झाक चढली! ती घासून काढली, तर खालचे पोचे व ओरखडे पूर्वीपेक्षाही ठळक दिसू लागले. त्या फजितीने जे शिकविले, तेच आज सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट ही की, गुळगुळीतपणा रंगाच्या डब्यात नसतो. रंगाचा एकेक हात केसापेक्षाही पातळ असतो. तो खळगा बुजवीत नाही. उलट चकाकी आली की सर्वांच्या नजरेस आणून देतो. म्हणून खरे काम रंगाच्या आधीचे.

प्रथम गाडी साबणाने स्वच्छ धुवावी आणि मेण, तेल व पॉलिश यांचा अंश योग्य द्रावणाने पुसून काढावा. हे घासण्यापूर्वीच करावे. पॉलिशमधील सिलिकोन मागे राहिले, तर त्या जागी नवा रंग मागे सरतो व गोल खळी पडतात. गंज दिसेल तेथे चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासावे. खोल पोच्यात हार्डनर मिसळलेली पुट्टी भरावी. ती पाणी शोषते, म्हणून कोरडीच घासावी. पॉलिश पेपर नुसत्या बोटांनी कधी धरू नये, कारण बोटांच्या दाबाने सऱ्या पडतात. तो लाकडाच्या वा रबराच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळावा. आधी १२० नंबरचा, मग २२० व ३२०, त्यानंतर प्रायमर, आणि तो पूर्ण वाळल्यावर ४०० व ६०० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाण्यासह.

येथे एक युक्ती उपयोगी पडते. प्रायमरवर गडद रंगाचा अगदी विरळ फवारा मारावा आणि मग घासावे. उंचवट्यावरचा काळेपणा निघून जातो, खळग्यातला राहतो. कोठे भरावयाचे ते आपोआप कळते. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवावा. जे डोळ्यांस दिसत नाही, ते तळहातास जाणवते.

आता रंग. जुन्या रंगावर आडबाजूस थिनरचा बोळा दाबून पाहावा. रंग सुरकुतला, तर त्यावर थेट एनसी रंग देऊ नये. स्प्रे गन पृष्ठभागापासून वीतभर अंतरावर, सरळ रेषेत फिरवावी. प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर निम्मा यावा. हात जवळ नेल्यास ओघळ येतात. फार दूर नेल्यास रंग वाटेतच वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. एक जाड हात देण्यापेक्षा तीन-चार पातळ हात द्यावेत, मध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबावे. दमट हवेत हे काम करूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प धरते, आणि माझ्या बॉनेटसारखी दुधाळ झाक येते. आपल्याकडे हिवाळ्यातील कोरडी दुपार उत्तम. साधा एनसी रंग पुरता वाळू द्यावा, मग १५०० व २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलकेच फिरवावा व रबिंग कंपाउंडने चकाकी आणावी.

एक इशारा मात्र कळकळीने देतो. हार्डनर मिसळून मारावयाच्या आधुनिक दोन-भागी रंगांत बहुधा आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दम्याचा विकार जडू शकतो, आणि एकदा जडला की अल्पशा संपर्कानेही उसळतो. नाकाला बांधलेला रुमाल वा धुळीचा मुखवटा तेथे निरुपयोगी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो, आणि तो घरी कोठून असणार? असला रंग अंगणात मारू नये. मग लेकरे दूर उभी असली तरीही नाही. साध्या रंगाची वाफदेखील पेट घेते व नाकातोंडात जाते. म्हणून मोकळी हवा, योग्य मुखवटा व विस्तवापासून अंतर, ही तिन्ही हवीतच.

मग काय करावे? घासणे, भरणे, पुन्हा घासणे हे वेळखाऊ काम घरी करावे आणि दोन-भागी रंगाचा अखेरचा हात कुशल कारागिराच्या स्वाधीन करावा. त्यात कमीपणा कसला? वाचलेल्या चार पैशांसाठी श्वास गहाण टाकणे, हा मात्र तोट्याचा व्यवहार होय. माझ्या बॉनेटची दुसरी खेप अशीच पार पडली; आणि त्यात उमटलेले आकाश पाहताना, त्यातले निम्मे श्रेय आपल्या दुखऱ्या मनगटांचे आहे, एवढे समाधान मला पुरले.