परवानगी कुणाची घ्यायची?



मागच्या वेळी वाळवणांवर लिहिलं, तेव्हा पुढचा लेख उडदाच्या पापडांवर लिहीन असं कबूल केलं होतं. तो पुढच्या खेपेला. आज जे लिहिते आहे ते गेलं वर्षभर मनात आहे, आणि काही जणींना ते आवडणार नाही हेही ठाऊक आहे.

आमचं घर सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या मैदानाला लागून आहे. मैदान मोठं, त्यामुळे गावातलं सगळं तिथंच. दांडिया तिथं, ऑर्केस्ट्रा तिथं, आणि आपले पूजा महोत्सवही तिथंच. लग्न होऊन आले तेव्हा कर्णे असायचे. आता माणसापेक्षा उंच पेट्या एकावर एक रचतात. फरक काय ते मांडणीवरच्या भांड्यांना विचारा.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात मैदानावर तिकीट लावून दांडिया झाला. यांचं बायपास होऊन तीन महिने झाले होते. दांडिया मलाही आवडतो, माझ्या सुना खेळायला जातात, बाहेर पाणीपुरीवाल्यांचे चार पैसे होतात. पण त्या पेट्यांचा दणका यांच्या छातीत जाऊन बसायचा आणि हे पलंगावर उठून बसायचे. तिसऱ्या दिवशी मी गल्लीत फिरून सह्या गोळा केल्या. पहिली सही समोरच्या वहिनींची. त्या माझ्याबरोबर पोलीस ठाण्यातही आल्या. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, त्यांच्याकडे परवानगी आहे."

या एका वाक्यापुढे आपण सगळ्या गप्प होतो. मीही झाले असते. पण सासऱ्यांच्या अडत दुकानाची वही मी तीस वर्षं लिहिली आहे. व्हाउचरवर सही आहे एवढ्यावर मी कधी रक्कम खर्ची टाकली नाही, ती कशासाठी आहे ते बघितलंच. म्हटलं, तो कागद दाखवा. एक पान होतं. वरच्या दोन ओळींत परवानगी आणि खाली पान भरून अटी. वेळ दहापर्यंत, आवाज मर्यादेत, रस्ता मोकळा. मंडळानं वरच्या दोन ओळी वाचल्या होत्या. खालचं कुणीच वाचलं नव्हतं.

मग घरी येऊन मी 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम वाचून काढले. फार मोठे नाहीत, दुपारच्या चहापर्यंत संपतात. लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा. सार्वजनिक जागेवर ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज वस्तीच्या मर्यादेपेक्षा 10 नं जास्त किंवा 75, यातलं जे कमी असेल तेवढाच. म्हणजे आमच्या मैदानाच्या कुंपणाशी दिवसा 65. आता 65 आणि 85 यांत फरक किती, तर वीसचा, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. हा हिशोब बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे. दर दहाला आवाजाची ऊर्जा दहापट होते. वीस वाढले म्हणजे शंभरपट. चक्रवाढ व्याज ज्यांनी भरलं आहे त्यांना हे लगेच कळेल!

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला बारापर्यंत सूट देता येते, पण वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. आपल्याकडे ते दिवस कोणते हे जिल्हाधिकारी जाहीर करतात. पंधरा दिवस गुणिले दोन तास, म्हणजे अख्ख्या वर्षाची शिल्लक तीस तास. शिवाय ही सूट वेळेची आहे, आवाज वाढवायची नाही. "आज बारापर्यंत परवानगी आहे" याचा अर्थ "आज कितीही वाजवा" असा घेतला जातो, तो चूक. शाळेचं मैदान म्हणजे शांतता क्षेत्रच, असंही कुणी सांगेल. पण 2017 च्या दुरुस्तीनंतर सरकारनं तसं जाहीर केलेलं असावं लागतं, नुसती शाळा असून भागत नाही.

सगळं वाचल्यावर एक गोष्ट मात्र सापडली नाही. परवानगी देण्याआधी शेजाऱ्यांना कळवावं, त्यांचं काही म्हणणं आहे का विचारावं, असं त्या नियमांत मला कुठे दिसलं नाही. अर्ज करणारा त्या रात्री आनंदात असतो. सही करणारा अधिकारी आपल्या घरी झोपलेला असतो. ज्याच्या खिडकीवर पेट्यांचं तोंड असतं त्याला मांडवाचे वासे रोवले की कळतं. माझं भांडण खरं तर इथं आहे.

त्या नवरात्रात शेवटचे चार दिवस पेट्या कमी झाल्या. मला वाटलं, जिंकलो. पुढच्या फेब्रुवारीत आपला पंचकल्याणक महोत्सव आला. तोच मांडव, तेच मैदान, पाच दिवस. मी महिला मंडळाच्या समितीत. इंद्र-इंद्राणींच्या साड्यांचे रंग ठरवण्यात आमचे दोन आठवडे गेले, पण भोंगे किती आणि कुणीकडे तोंड करून, हा विषय एकाही बैठकीत निघाला नाही. संध्याकाळच्या भक्तीला बाहेरगावची संगीत पार्टी होती, तिच्या पेट्या नवरात्रातल्यासारख्याच. आणि पहाटे साडेपाचला मंगलाष्टकं सुरू, तीही भोंग्यावर. रात्रीचे दहा सगळ्यांना पाठ असतात. सकाळचे सहा आपल्याला सोयीनं आठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी आल्या. त्यांच्या लेकीची बारावीची परीक्षा चालू होती. दारातच उभं राहून म्हणाल्या, "वहिनी, नवरात्रात मी तुमच्याबरोबर ठाण्यात आले होते. आता तुम्ही माझ्याबरोबर येता का?"

मी गेले नाही.

समितीच्या अण्णांना मात्र जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "अक्का, हे देवाचं काम आहे. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे." नवरात्राच्या मंडळानंही हेच सांगितलं होतं, फक्त दिवस नऊ होते. आवाज थोडा कमी झाला, संध्याकाळी पुन्हा वाढला. मांडवापासून पन्नास पावलांवर महाराजांचा निवास होता. ते संध्याकाळनंतर मौनात. त्यांच्या मौनाला नमस्कार करून आपण बाहेर येत होतो आणि पेट्यांसमोर नाचत होतो. पाठशाळेत मी मुलांना बारा व्रतं शिकवते. त्यातल्या अनर्थदंडविरतीचा अर्थ सांगते की ज्यातून काही साधत नाही असा त्रास कुणाला द्यायचा नाही. अभिषेक मांडवात ऐकू यायला हवा, मान्य. तो समोरच्या वहिनींच्या माजघरात ऐकू येऊन काय साधलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

"त्यांचं चालतं, मग आपल्यालाच का नियम?" हे मी समितीत ऐकलं, आणि गावातल्या प्रत्येक समाजाच्या समितीत हेच ऐकू येत असणार. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. त्याच निकालात पोलिसांना सांगितलं की तक्रार करणाऱ्याचं नाव उघड न करता कारवाई करा. गल्लीत राहणाऱ्यांना या दुसऱ्या गोष्टीचं मोल जास्त कळेल. पण नाव झाकून तक्रार करायची वेळ येते, म्हणजे मुळात आधी काही बोलणंच झालेलं नसतं.

भाद्रपदात क्षमावणीला मी वहिनींकडे गेले. हात जोडले. त्या म्हणाल्या, "क्षमा कसली मागता? आधी सांगितलं असतं ना, तर लेकीला आठ दिवस माझ्या माहेरी ठेवलं असतं." एवढंच त्यांना हवं होतं. त्या महोत्सव बंद करा म्हणत नव्हत्या.

हे मी लंडनला असलेल्या माझ्या मुलीला फोनवर सांगत होते, तर ती म्हणाली, आमच्याकडे फिकट निळा कागद लावतात. तिच्या घराजवळच्या बागेत गाण्यांचा कार्यक्रम करायचा होता, तर फाटकावर निळ्या कागदावर सूचना: अर्ज कुणाचा, काय वाजणार, किती वाजेपर्यंत. तिथं अशा परवान्याच्या अर्जावर 28 दिवस कुणीही हरकत घेऊ शकतं, आणि हरकत आली तर नगरपालिकेच्या सदस्यांपुढे सुनावणी होते. अगदी छोट्या, तात्पुरत्या कार्यक्रमांना मात्र नुसती सूचना देऊन भागतं आणि तिथं हरकत पोलीस आणि पर्यावरण-आरोग्य खातंच घेऊ शकतं, शेजारी नाही. म्हणजे तिकडेही सगळं गोड नाहीच. पण निळ्या कागदाची कल्पना मला आवडली. त्याला खर्च किती, तर झेरॉक्सचे दोन रुपये.

अर्ज आल्यावर निदान पंधरा दिवस आधी तो मैदानाच्या फाटकावर लावायला लावा, असं मी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवलं आहे. परवानगी दिल्यावर ती अटींसकट मांडवाच्या तोंडाशी टांगलेली असावी, हेही लिहिलं. अण्णांचं म्हणणं, असं केलं तर परवानगी मिळणारच नाही, कुणी ना कुणी आडवं येईलच. मला तसं वाटत नाही. आडवे येणारे आजही येतात, फक्त ते कार्यक्रम चालू असताना येतात, आणि तेव्हा दोन्हीकडची डोकी तापलेली असतात.

उत्तराची वाट बघत बसण्यापेक्षा मार्गशीर्षात आपल्या मंदिराच्या वेदीप्रतिष्ठेला मी स्वतःच कागद लावला. निळा मिळाला नाही, मुलांच्या चित्रकलेच्या वहीतला पिवळा होता. तीन दिवस, सकाळी सहानंतर, रात्री साडेनऊपर्यंत, पेट्यांची तोंडं शेताकडे, आणि खाली माझा फोन नंबर. बायका म्हणाल्या, अक्का, नंबर कशाला दिला, लोक छळतील.

तीन दिवसांत दोन फोन आले. एक शेजारच्या आजोबांचा, पहिल्या रात्री, पावणेदहाला, अजून वाजतंय म्हणून. मी चप्पल घालून गेले आणि बंद करायला लावलं. दुसरा एका मुलाचा, भक्तीला बाहेरच्यांना आलेलं चालतं का विचारायला.