हरलेला डाव कुठे ठेवलात?



आमच्या आसनगाव स्थानकात कसाऱ्याची लोकल थांबते, पण पंचवटी एक्स्प्रेस थांबत नाही. शिट्टी देत निघून जाते. तिच्याच रुळांवरून कसारा घाट चढून वर गेले की नाशिक लागते. त्या नाशिकमध्ये २४ ऑक्टोबर १९९४ रोजी जन्मलेला विदित गुजराथी हा आज जगातल्या नामवंत बुद्धिबळपटूंमध्ये गणला जातो. तुमच्यापैकी काहींनी त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहिले असेल. आज त्याच्याविषयी लिहायचे आहे, पण त्याच्या जिंकण्यापेक्षा त्याच्या हरण्याविषयी अधिक. हे असे उलटे का, ते पुढे कळेल.

आधी आमच्या तालुक्यातला एक प्रसंग सांगतो. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात बुद्धिबळाची स्पर्धा होती. अंतिम डाव आठवीतल्या दोन मुलांचा. चांगला रंगला. शेवटी एकाने मात केली, टाळ्या झाल्या, आणि हरलेल्या मुलाने दोन्ही हातांनी सोंगट्या गोळा करून डब्यात भरल्या. मी त्याला विचारले, "कुठे चुकलास रे?" तो म्हणाला, "लक्षात नाही, सर." जिंकलेल्याला विचारले, "कशामुळे जिंकलास?" त्याच्याही लक्षात नव्हते! मग बक्षीस देताना पाहुण्यांनी भाषण केले : बुद्धिबळ खेळा, म्हणजे बुद्धी तल्लख होते आणि गणितात पैकीच्या पैकी गुण मिळतात. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. पाहुणे भले गृहस्थ होते, पण म्हणणे तपासल्याशिवाय टाळी वाजवू नये असे आपणच विज्ञानाच्या तासाला शिकवतो ना?

हे म्हणणे तपासलेले आहे. इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळा घेऊन एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांत मुलांना रीतसर बुद्धिबळ शिकवले, काही शाळांत नाही. शिकवणी संपून एक वर्ष झाल्यावर गणिताची परीक्षा पाहिली. २०१६ साली अहवाल आला : दोन्ही गटांच्या गुणांत फरक आढळला नाही. तेव्हा गणितात गुण हवे असतील तर गणितेच सोडवा. बुद्धिबळ खेळायचे ते त्या खेळाच्या गोडीने.

मग ग्रँडमास्टरच्या डोक्यात असते तरी काय? पुष्कळांना वाटते, तो वीस-वीस खेळ्या पुढचे बघतो, त्याचा मेंदू म्हणजे गणकयंत्रच. हॉलंडमधील मानसशास्त्रज्ञ आड्रियान द ग्रूट यांनी हाच प्रश्न हाती घेतला. ते स्वतः उत्तम खेळाडू होते. त्यांना असे आढळले की अव्वल खेळाडू इतरांपेक्षा फार अधिक पुढचे पाहतो असे नाही. तो योग्य खेळीकडे लवकर वळतो. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघा संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला. (चेस हे त्यांतल्या एकाचे आडनाव, हा निव्वळ योगायोग!) खऱ्या डावातील एक स्थिती पटावर मांडायची, पाच सेकंद दाखवायची, झाकायची, आणि आठवेल तशी दुसऱ्या पटावर मांडायला सांगायची. नवशिक्याला चारेक सोंगट्या बरोबर ठेवता आल्या, तर निष्णात खेळाडूला सोळाच्या आसपास. यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून ठेवल्या, तेव्हा निष्णाताची सारी करामत जवळजवळ नाहीशी झाली. तोही नवशिक्याच्या पंक्तीला येऊन बसला.

याचा अर्थ नीट पाहा. त्याची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा निराळ्या जातीची नव्हती. त्याला सुट्या सोंगट्या दिसत नव्हत्या, ओळखीचे पुंजके दिसत होते : किल्लेकोट केलेला राजा व त्यापुढची तीन प्यादी, एकमेकांच्या पाठीशी उभे हत्ती, कोंडलेला उंट. तुम्ही "आसनगाव" हा शब्द एका दृष्टिक्षेपात वाचता, आ-स-न करीत बसत नाही, तसेच हे. असे हजारो पुंजके त्याच्या ओळखीचे असतात आणि प्रत्येकाबरोबर एक अनुभव चिकटलेला असतो : येथे असे केले की फायदा होतो, येथे असे केले की फसतो. यातला "फसतो" हा अर्धा भाग कोठून येतो? स्वतःच्या आणि इतरांच्या हरलेल्या डावांतून. हरलेला डाव डब्यात भरून टाकला की तो अर्धा भाग गेलाच.

आता विदितकडे वळू. मराठी मुलखाला बुद्धिबळ नवे नाही. सांगलीच्या स्पर्धा जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत, खाडिलकर भगिनींनी महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद वर्षानुवर्षे घरातच ठेवले होते, आणि १९९७ मध्ये मुंबईचे प्रवीण ठिपसे हे भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. नागपूरच्या दिव्या देशमुखने तर २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला. विदित २००८ साली व्हिएतनाममध्ये चौदा वर्षांखालील गटाचा जगज्जेता झाला, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला आणि २०१७ मध्ये त्याने २७०० गुणांकन ओलांडले. तेथवर त्याच्याआधी तीनच भारतीय पोचले होते. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने सुवर्णपदक जिंकले, त्या संघात चौथ्या पटावर तो होता आणि १० डावांत त्याने साडेसात गुण केले.

ही झाली बक्षिसांची यादी. यादीवरून खेळाडू कळत नाही, म्हणून २०२३ ची एक स्पर्धा घेऊ.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. तेथे ऑक्टोबरच्या अखेरीस ग्रँड स्विस ही स्पर्धा सुरू झाली. शंभरावर खेळाडू, अकरा फेऱ्या, आणि पहिल्या दोघांनाच जगज्जेत्याच्या आव्हानवीरांच्या स्पर्धेत प्रवेश. पहिल्याच फेरीत विदित नेदरलँड्सच्या एर्विन लामी याच्याकडून हरला. लामीचे गुणांकन त्याच्यापेक्षा कमी होते. अकरा फेऱ्यांत पहिलीच गेली, म्हणजे बोलून चालून घसरगुंडी. स्पर्धा संपली तेव्हा विदितचे गुण होते साडेआठ, आणि तो पहिला आला होता. हिशेब तुम्हीच करा : उरलेल्या दहा डावांत साडेआठ, म्हणजे सात विजय, तीन बरोबऱ्या आणि पराभव एकही नाही. प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्विस पद्धतीत सारखे गुण असणाऱ्यांच्या जोड्या लावतात, त्यामुळे पहिल्या फेरीत हरणाऱ्याला पुढचे एक-दोन प्रतिस्पर्धी जरा हलके मिळतात. पण जिंकत वर चढू लागले की ती सवलत संपते. वर सगळे वाघच बसलेले असतात.

गुणांकन म्हणजे काय, हे येथेच सांगून टाकतो, कारण तो पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकाचा उद्योग आहे. मूळचे हंगेरीचे आर्पाद इलो अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. ती आधी भाकीत करते. तुमचे गुणांकन प्रतिस्पर्ध्यापेक्षा १०० ने जास्त असेल, तर एका डावात तुम्हाला सरासरी ०.६४ गुण मिळावेत असे ती म्हणते. मग प्रत्यक्ष निकाल आणि भाकीत यांतला फरक काढायचा आणि त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणायचे; वरच्या खेळाडूंसाठी तो १० आहे. जिंकलात तर १ वजा ०.६४, गुणिले १०, म्हणजे ३.६ ची वाढ. हरलात तर ६.४ ची घट. बरोबरीतसुद्धा १.४ जातात. पाहिलेत? जिंकल्याने थोडे मिळते, अनपेक्षित हरल्याने जास्त जाते. जे भाकिताप्रमाणे घडले त्यात नवी माहिती थोडी. जे भाकिताविरुद्ध घडले त्यात नवी माहिती फार. मला ही पद्धत फार आवडते.

विदितच्या खेळाची धाटणी मुळात सबुरीची. स्वतःच्या राजाची नीट व्यवस्था लावायची, सोंगट्या एकमेकांच्या आधाराने उभ्या करायच्या, आणि प्रतिस्पर्ध्याच्या एखाद्या दुबळ्या प्याद्यावर हळूहळू दाब वाढवायचा. पाहणाऱ्याला यात फटाके दिसत नाहीत. पण एप्रिल २०२४ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे आव्हानवीरांच्या स्पर्धेत त्याने दुसऱ्याच फेरीत सर्वांना चकित केले. समोर अमेरिकेचा हिकारू नाकामुरा, जो पारंपरिक पद्धतीच्या सलग ४७ डावांत हरलेला नव्हता. विदितकडे काळी मोहरी. त्याने तयारी करून आणलेल्या मार्गावर आपला उंट देऊन पांढऱ्या राजासमोरचे प्यादे फोडले, आणि ती तटबंदी पुन्हा उभी राहिलीच नाही.

गोष्ट येथे थांबवली असती तर छान झाले असते. पण पुढच्या दोन फेऱ्यांत तो प्रज्ञानंद आणि नेपोम्नियाची यांच्याकडून लागोपाठ हरला. आठव्या फेरीत गुकेशकडून हरला, आणि नवव्या फेरीत त्याने नाकामुराला पुन्हा हरवले! शेवटी १४ डावांत ६ गुण आणि सहावा क्रमांक. काही मंडळी याला अपयश म्हणाली. मला ते पटत नाही. नेहमीची सुरक्षित वाट सोडून अंगावर घेणारा खेळाडू काही डाव गमावणारच. आणि आदल्या फेरीत हरून पुढल्या फेरीत अशा प्रतिस्पर्ध्याला नमवणे हे बरोबरीच्या चौदा डावांपेक्षा मला मोठे वाटते. तुमचे मत निराळे असू शकते.

आता तुम्ही म्हणाल, "सर, तो नाशिक शहरातला, त्याला प्रशिक्षक होते, परदेशी जायला पैसे होते, आम्ही किन्हवली-मुरबाडकडची मुले, आम्हाला कोण शिकवणार?" अगदी खरे आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ग्रँडमास्टर व्हायचे तर तीन मोठ्या स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी लागते, २५०० गुणांकन लागते, आणि त्यामागे वर्षांचे प्रवास व खर्च लागतो. वही-पेन्सिलीने कोणी ग्रँडमास्टर होत नाही. पण वही-पेन्सिलीवाचूनही झालेला नाही. पारंपरिक स्पर्धेत प्रत्येकाला स्वतःची आणि समोरच्याची प्रत्येक खेळी लिहावीच लागते; तो नियमच आहे. डाव संपला की दोघेही पुष्कळदा तोच डाव पुन्हा मांडून बोलत बसतात. जिंकलेला हरलेल्याला विचारतो, "येथे तू घोडा का नाही हलवलास?" आमच्या शाळांत स्पर्धा होतात, ढाली मिळतात, पण हा कागद तेवढा नसतो. माझी खरी तक्रार ही आहे.

लिहिणे अवघड नाही. पटाच्या उभ्या ओळींना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशी इंग्रजी अक्षरे, आडव्या ओळींना १ ते ८ अंक. घोड्याला "घो", हत्तीला "ह", उंटाला "उ", वजिराला "व", राजाला "रा". "घो एफ ३" म्हणजे घोडा एफ ओळीतल्या तिसऱ्या घरात गेला. प्याद्याला काहीच लिहायचे नाही, नुसते घर लिहायचे. शेजारी एक रकाना मोकळा ठेवा. घरी गेल्यावर त्यात आपण त्या वेळी काय विचार केला होता ते लिहा. नंतर शहाणपण सुचले ते त्यात घालू नका.

हे शेवटचे मुद्दाम सांगतो, कारण प्रयोगवहीत आपण काय करतो ते मला ठाऊक आहे. लंबकाचा प्रयोग करायचा, उत्तर ९८० च्या जवळ आले नाही तर वाचने खोडून अशी लिहायची की ते यावे. हसू नका, आम्हीही केले आहे! पण लिहिलेला डाव असा फिरवता येत नाही. मात झाली ती झाली.

मोबाईलचेही तसेच. आज घरोघरी फोन आहे आणि त्यात जगज्जेत्यालाही हरवील असा संगणकी खेळाडू फुकट मिळतो. डाव त्याला दाखवला की क्षणात लाल खूण करून चूक सांगतो. जरूर वापरा, पण दुसऱ्या दिवशी. आधी स्वतः शोधा. गणिताचे उत्तर पुस्तकाच्या मागे असते म्हणून कोणी गणित मागच्या पानापासून सोडवीत नाही. (काही जण सोडवतात, तो भाग निराळा.)

माझ्याकडे रविवारी दुपारी तीन-चार मुले पट घेऊन येतात. सातवीतली एक मुलगी मागच्या महिन्यात हरली आणि वही पुढे करून बसली. तेवीस खेळ्या, स्वच्छ लिहिलेल्या. तिचे म्हणणे, एकविसाव्या खेळीला वजीर पुढे घातला तेथे डाव गेला. माझे म्हणणे, चौदाव्या खेळीला तिने घोडा मागे घेतला तेथेच तो गेला होता. वजिराने फक्त ते उघड केले. तिने चौदाव्यापुढच्या रकान्यात लिहिले होते, "घोड्यावर प्यादे येईल अशी भीती वाटली." आम्ही ते प्यादे पुढे ढकलून पाहिले, सहा निरनिराळ्या तऱ्हांनी. पाचांत घोडा वाचतो. सहावीत काय होते यावर आमचे अजून एकमत झालेले नाही, आणि फोनला विचारायचे नाही असे तिनेच ठरवले आहे.